तुम्ही विचारलंत म्हणून : चांगल्या साडीला कात्री लावते कशी?

मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते. त्याच कापडातून लहान मुलांसाठी झबली, टोपडी, कुंच्या, परकर-पोलकी, फ्रॉकही शिवते. घरी येऊन गेलेल्या जवळजवळ प्रत्येकीने कधी ना कधी विचारलंय, "अहो, इतकी सुंदर साडी, आणि तिला कात्री? हात कसा धजावतो तुमचा?" विचारताना आवाजात नाराजी असते, कधी कधी रागसुद्धा. मला तो राग आवडतो, कारण कापडावर जीव असल्याशिवाय तो येत नाही. दारात उभ्या उभ्या सांगून संपणारं हे उत्तर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हात धजावतो, कारण कपाटात साड्यांचं काय होतं ते मी सतत बघते. आई किंवा सासूबाई गेल्यावर त्यांच्या साड्यांचं गाठोडं घेऊन लोक येतात. "सगळं नीट जपलंय हो," असं सांगतात. मी साडी सतरंजीवर उलगडते आणि घडीच्या रेषेवर रेशीम चिरलेलं दिसतं. नेसून जुनी झालेली साडी निऱ्यांच्या खालच्या कडेला विरते, कमरेशी फाटते, खांद्यावर पिनेची भोकं पडतात. न नेसलेली साडी घडीवर फाटते, आणि प्रत्येक घडीवर फाटते. जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली धातूची बारीक पट्टी. ती एकाच जागी दुमडून, वर बाकीच्या साड्यांचा भार ठेवून वर्षानुवर्षं तशीच ठेवली की मोडणारच. सुती साड्यांची तऱ्हा वेगळी. खळीसकट घडी घालून ठेवल्या तर कसर लागते, कारण कसरीला ती खळच हवी असते. साडी ठेवायचीच असेल तर खळ पूर्ण धुऊन काढा, मऊ सुती फडक्यात गुंडाळा आणि वर्षातून दोन-तीनदा घडी बदला. एवढं करणारी माणसं थोडी. बाकीच्या घरांत साडी जपली जात नाही, नुसती नजरेआड होते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जी साडी सगळ्यांत आवडती आहे, तीच आधी कापायला काढा. लोक नेमकं उलट करतात. आवडत्या साड्या कपाटात राहतात आणि कुणालाच नको असलेल्या, कुणीतरी आहेरात दिलेल्या, चकचकीत साड्या गोधडीसाठी येतात. "गोधडीला काय, काहीही चालतं," हे वाक्य मला मुळीच पटत नाही. गोधडी रात्रभर अंगाला लागून असते, तीही अनेक वर्षं. बाळाचं झबलं तर त्याच्या अंगाला लागणारं पहिलं कापड. तिथे उरलंसुरलं का वापरायचं?

आवडीचं कापड म्हणजे भारी कापड, असंही नाही. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरणगावातली कितीतरी कुटुंबं तेव्हा गावी परतली, तसे आम्हीही साताऱ्याकडे आलो. आईने येताना जी ट्रंक आणली तिच्यात मिलची पातळं होती, पाचवारी, मऊसूत, बारीक फुलांची. पैठणीचं नशीब त्यांना कधी लाभलं नाही. ती रोज नेसायची, धुवायची, पिळून वाळत घालायची. पण ती छपाई आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. गिरण्या बंद झाल्या, त्यांच्याबरोबर ती फुलंही गेली. त्यातलं गुलबक्षी फुलांचं एक पातळ मी गोधडीच्या दर्शनी बाजूला, अगदी मधोमध लावलंय. ते ट्रंकेत असतं तर वर्षाकाठी एकदा, साफसफाईच्या वेळी दिसलं असतं. आता रोज दिसतं, आणि घरातली पोरं त्याच्यावर लोळतात.

कापण्याआधी मी साडीचा फॉल उसवते. या कामातला हा माझा सगळ्यांत आवडता भाग. परवा एक आमसुली सुती साडी आली होती. वरून इतकी विटलेली की तिला आमसुली म्हणायचं ते आठवणीवर विसंबून. फॉलचे बारीक हातटाके एकेक करून ब्लेडच्या टोकाने कापले, फॉल उचलला, आणि आतल्या बाजूला तीन-साडेतीन इंच रुंदीचा पट्टा दिसला, दुकानातून आणली त्या दिवशीच्या रंगाचा. ना ऊन, ना साबण, ना इस्त्री त्याला लागलेली. काठाशी थोडी माती साठलेली होती, ती झटकली. ही पट्टी मी कधीच अस्तरात घालत नाही. तिची गोधडीची मगजी, म्हणजे कडेची पट्टी, करते, किंवा बाळाच्या टोपड्याला पुढून लावते. साडी देणाऱ्या बाईंना दाखवली तेव्हा त्या बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या. "अगंबाई, असा होता नाही का रंग!" एवढंच म्हणाल्या.

आता मुलांच्या कपड्यांविषयी. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नसत. आजीच्या किंवा आईच्या जुन्या लुगड्याचं झबलं असायचं. त्यामागे आशीर्वादाची भावना आहेच, पण कापडाच्या बाजूनेही ते अगदी रास्त आहे. नव्या सुती कापडाला खळ असते, ते आटतं, रंग सोडतं. शंभर वेळा धुतलेल्या साडीचं जे काही आटायचं ते आटून झालेलं असतं, जो रंग जायचा तो गेलेला असतो. शिवलेलं माप बदलत नाही आणि अंगाला काही टोचत नाही. झबल्यासाठी मी पदराच्या विरुद्ध टोकाचं कापड घेते. नेसताना ते आत खोचलं जातं, त्यामुळे झिजलेलं नसतं, आणि धुऊन धुऊन मऊ मात्र तितकंच झालेलं असतं. शिवण नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवते. बघणाऱ्याला कपडा उलटा घातल्यासारखा वाटतो, वाटू दे. बाळाच्या काखेत शिवणीचं जादा कापड रुतत नाही, हे जास्त महत्त्वाचं. बंद गळ्याशी लावत नाही, कुशीला लावते आणि आखूड ठेवते. जर, टिकल्या, मणी काहीही नाही. कुंचीला खणाचा हट्ट असेल तर जरूर शिवते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची बारीक नक्षी आणि उजेडात पालटणारी झाक बाळाच्या चेहऱ्याभोवती फारच शोभते. पण आतून जुन्या मलमलीचं अस्तर लावल्याशिवाय देत नाही.

परकराचं गणित मला फार आवडतं. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण पंचेचाळीस इंच. सव्वादोन मीटर लांबीचा तुकडा घ्यायचा आणि त्याला लांबीच्या दिशेने मधोमध कापायचं. दोन्ही कडांना काठ असतोच, त्यामुळे साडेबावीस इंच उंचीचे, खाली काठ असलेले दोन परकर निघतात. तीन-चार वर्षांच्या दोन मुलींना एकाच साडीचे, भरपूर घेराचे. काठाच्या वर एक आडवी दुमड घालून शिवते. मूल उंच झालं की ती उसवायची, पुढची दिवाळी त्याच परकरात निघते. वाढत्या अंगाचं शिवणं ते हेच. कमरेला नाडी घालत नाही, ती काचते आणि परकर घसरतोच. त्याऐवजी वर सुती बंडी जोडते, तिच्यावरून पोलकं. उरलेल्या तीन-सव्वातीन मीटरमध्ये पदर असतो. पदराचं पोलकं करावं असं बऱ्याच जणींना वाटतं, पण मोठी नक्षी लहान अंगावर तुटक दिसते. पदर गोधडीला द्यावा, तिथे तो अख्खा दिसतो.

काही कापडांना मी नाही म्हणते. धडधाकट पैठणी कुणी घेऊन आलं तर परत पाठवते. ती नेसा, मुलीला नेसवा. तिचा फ्रॉक करायला मी कात्री उचलणार नाही. दुसरं म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉन. घाम टिपत नाही, आणि आगीजवळ गेलं तर वितळून कातडीला चिकटतं. लहान मुलांच्या अंगावर ते नकोच. ओळखायचं सोपं आहे. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक गुठळी होते. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला होता, या विश्वासावर आणलेल्या कितीतरी साड्यांची खरी जात मला अशी कळली आहे.

साड्याच पाहिजेत असंही नाही. एक मुलगी वडिलांचे शर्ट घेऊन आली होती, सगळे बारीक चौकड्यांचे. तिच्या मुलाने आजोबांना पाहिलेलं नव्हतं. शर्टांचे चौकोन जोडून दुपटं केलं. एका शर्टाच्या खिशाला पेनाच्या शाईचा निळा डाग होता. तो खिसा तिने काढायला सांगितला होता, मी तिच्याशी वाद घालून तो डागासकट ठेवला, आणि वरची बाजू उघडी ठेवली. आता तो मुलगा त्या खिशात गोट्या आणि बिस्किटं ठेवतो, असं तिने कळवलं.

परदेशात नातवंड झालेल्या आज्या दुपटी मागतात तेव्हा एक गोष्ट मी आवर्जून सांगते. तिकडचे डॉक्टर पहिलं वर्षभर पाळण्यात सुटं पांघरूण किंवा उशी ठेवू नका असं बजावतात, बाळाच्या तोंडावर येण्याची भीती असते म्हणून. ते ऐकायचं. दुपटं जमिनीवर अंथरा, बाळाला पालथं पडून खेळू द्या, आपण शेजारी बसा. पांघरायला आयुष्य पडलंय.

आणि आता त्यांच्यासाठी, ज्यांना एवढं सगळं वाचूनही कात्री लावणं जमणार नाही. त्यांना मी कमी लेखत नाही. खरं तर आपली जुनी वाकळ न कापताही होते. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर. त्याच्या लांबीच्या चार घड्या केल्या की साधारण दोन मीटर लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याइतकी रुंद अशी चार थरांची गोधडी तयार. एका माणसाला अगदी पुरते. काठ दोन्ही बाजूंना आपोआप येतात. पदर वरच्या थरावर येईल अशी घडी घाला. जमिनीवर अंथरून हाताने सगळ्या सुरकुत्या कडेला सारा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, वरवंटा असेल तर उत्तम. मग आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवा. यात घाई करू नका, कारण वाकळ कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी शिवतात आणि थर सरकले तर सगळा फुगवटा मध्यावर येऊन बसतो. मग धावदोरा. बोटभर अंतरावर एक ओळ, टाका तांदळाच्या दाण्याएवढा असला तर दिसायला सुरेख, त्याहून मोठा झाला तरी हरकत नाही. जमलं तर शेजारणीला, बहिणीला बोलवा. दोन्ही बाजूंनी दोघी बसल्या तर काम भराभर उरकतं आणि बोलणंही होतं. चैत्र-वैशाखात सुरू केलंत तर पावसाच्या आत होईल, आणि धुतल्यावर कडकडीत वाळेल.

दोरा मात्र सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा चिवट असतो, ताण आला की तो तुटत नाही, लुगडं फाटतं. सुती दोरा आधी स्वतः तुटतो. आणि पुढेमागे तुम्हाला किंवा तुमच्या लेकीला ते लुगडं पुन्हा लुगडं म्हणून हवंसं वाटलं, तर ओळी उसवायच्या आणि घडी मोडायची. टाक्यांच्या खुणा दोन-चार धुण्यांत बऱ्याचशा जातात.