तारीख पुढे गेली

मिशिगनमध्ये हिवाळ्यात सकाळी सात वाजता बाहेर अंधार असतो. चाकणला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. गेल्या तीन वर्षांत याच वेळेला मी तिथल्या एका वर्कशॉपच्या मालकांना तीनदा फोन केला, आणि तिन्ही वेळा सांगितलं ते एकच: एसओपी पुढे गेली. एसओपी म्हणजे कारखान्यात गाडीचं प्रत्यक्ष उत्पादन सुरू होण्याचा दिवस. आमच्या धंद्यात सगळी गणितं त्या एका दिवसावर बसवलेली असतात.

मी डेट्रॉईटजवळ सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत आहे. एका इलेक्ट्रिक पिकअपच्या बॅटरीला खालून आधार देणारे ब्रॅकेट आम्ही चाकणला बनवून घेणार होतो. डाय, म्हणजे प्रेस मशीनमध्ये पत्र्याला आकार देणारे साचे, तयार झाल्या, सॅम्पल पास झाली, आणि ट्रकच लांबणीवर पडला. तिसऱ्या फोनला ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, प्रेस येऊन उभी आहे हो. हप्तापण चालू झालाय." मग व्हिडिओ कॉलवर त्यांनी डाय दाखवल्या. गंजू नयेत म्हणून ऑइल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीशी ठेवलेल्या. एका डायवर चिकटवलेल्या कागदावर आमच्या प्रोग्रॅमचं नाव होतं, शाई फिकट झालेली. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

इथल्या माणसासाठी पिकअप म्हणजे काय, हे गावाकडे ट्रॅक्टर असलेल्यांना लगेच कळेल. प्लंबर, सुतार, शेतकरी, सगळ्यांचं पोट या गाडीवर चालतं. फोर्डची एफ-सिरीज चाळीसहून अधिक वर्षं अमेरिकेत सर्वाधिक विकली जाणारी गाडी आहे. म्हणूनच इलेक्ट्रिक पिकअपची घोषणा झाली तेव्हा लोकांनी ती मनावर घेतली. टेस्लाने नोव्हेंबर 2019 मध्ये सायबरट्रक दाखवला. किंमत 39,900 डॉलरपासून, उत्पादन 2021 च्या अखेरीस, वरच्या मॉडेलला एका चार्जमध्ये 500 मैल. पहिले ट्रक ग्राहकांच्या हाती पडले ते 30 नोव्हेंबर 2023 ला. तेव्हा सुरुवातीची किंमत होती 60,990 डॉलर, तीही 2025 मध्ये यायच्या मॉडेलची, आणि जास्तीत जास्त पल्ला 340 मैल. रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचा पहिला ट्रक इलिनॉयमधल्या नॉर्मल गावातून सप्टेंबर 2021 मध्ये बाहेर पडला, तोही उशिरानेच. शेजारच्या ओहायोमधली, इलेक्ट्रिक पिकअपच बनवणारी लॉर्ड्सटाउन मोटर्स तर जून 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली.

आणि तरीही या गाड्या वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, कारण फेब्रुवारी 2023 ची ती रात्र मला आठवते. बर्फाळ पावसाने झाडं कोसळली, तारा तुटल्या, दक्षिण मिशिगनमध्ये लाखो घरांची वीज गेली. आमच्या घरात दुसऱ्या दिवशी श्वासाची वाफ दिसत होती. शेजाऱ्याकडे फोर्डची इलेक्ट्रिक पिकअप, एफ-150 लाइटनिंग होती. त्याने न सांगता बॉनेट उघडलं, इंजिनाच्या जागी असलेल्या डिकीतल्या सॉकेटला लांब केबल लावली आणि बर्फावरून ओढत आमच्या दारात आणून दिली. फ्रीज आणि एक हीटर दोन दिवस त्यावर चालले. नारिंगी केबल दाराच्या फटीतून आत आलेली, त्या फटीत आम्ही टॉवेल कोंबलेला. गाडीने घर ऊबदार ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग अडलं कुठे? वजनात आणि पैशात. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी 45 किलोवॅट-तासांची. लाइटनिंगची मोठी बॅटरी 131 ची, म्हणजे जवळपास तिप्पट. एवढं करूनही मागे जड ट्रेलर लावला की पल्ला निम्म्यावर येतो. मग अजून मोठी बॅटरी, मग अजून वजन; जनरल मोटर्सच्या (जीएम) जीएमसी ब्रँडची हमर ईव्ही चार टनांच्या वर गेली. लाइटनिंग मे 2021 मध्ये 39,974 डॉलरला जाहीर झाली, जवळपास दोन लाख लोकांनी नाव नोंदवलं, आणि 2023 च्या मार्चपर्यंत तेच साधं मॉडेल 59,974 वर पोहोचलं. जुलैमध्ये किंमत उतरवली, पण ज्या सुताराने चाळीस हजारांचा हिशेब मांडला होता तो तोवर पेट्रोलचा ट्रक घेऊन कामाला लागला होता.

स्पर्धा वाढली ती याच काळात, आणि माझ्या मते चुकीच्या टोकाला वाढली. फोर्ड, जीएम, रिव्हियन, टेस्ला, सगळे सत्तर-ऐंशी हजार डॉलर देऊ शकणाऱ्या त्याच ग्राहकाच्या मागे. तो ग्राहक मोजकाच आहे. 2025 मध्ये फुगा बसला. सप्टेंबरमध्ये रॅम या ट्रक बनवणाऱ्या ब्रँडने आपला पूर्ण इलेक्ट्रिक 1500 पिकअप रद्द केला. त्याच महिन्याच्या 30 तारखेला इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांना मिळणारी 7,500 डॉलरची सरकारी करसवलत संपली. डिसेंबरमध्ये फोर्डने पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंग बंद करत असल्याचं सांगितलं. माझ्या दारात केबल आणणारी ती गाडी. ऑफिसमध्ये त्या दिवशी कॅन्टीनमध्येसुद्धा कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आता स्वस्त आणि छोट्या ट्रकची शर्यत लागली आहे. फोर्डने 2027 साठी सुमारे 30,000 डॉलरचा मध्यम पिकअप जाहीर केलाय, स्लेट नावाची नवी कंपनी इंडियानातल्या वॉर्सामधून आणखी स्वस्त, दोन दारांचा साधा ट्रक आणू पाहते आहे. सुताराचा ट्रक हाच आहे. हे 2021 लाच व्हायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर अशाच एका छोट्या ट्रकच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं. कोटेशन मागवण्याआधी मी साहेबांशी दोन तास भांडलो. तारीख पुढे गेली तरी डायचे पैसे सॅम्पल पास झाल्याबरोबर वर्कशॉपला मिळाले पाहिजेत, अशी अट घालायची होती. पूर्ण नाही, साठ टक्क्यांवर मान्य झाली. उद्या सकाळी सातला फोन लावणार आहे.