तुमचा तोरणा दिसेना

रविवारी दुपारी जेवणानंतर माणसाने झोपावं. मी फोल्डर आवरायला बसलो.

किल्ल्यांच्या फोटोंची माझी एक साइट आहे, २००४ सालापासूनची. तिच्यात 'इमेजेस' नावाचा एकच फोल्डर, आणि वीस वर्षांत जे आलं ते सगळं त्यात कोंबलेलं. माळ्यावर कोंबतात तसं. राजगड१, राजगड१नवा, राजगड१नवाखरा. एका फाइलीचं नाव नुसतं 'हा'. उघडून पाहिली तर पाण्याचं टाकं. कुठल्या गडाचं, देव जाणे. बायको म्हणते, घरातला पसारा तुम्हाला दिसत नाही, कॉम्प्युटरातला बरा खुपतो. खुपतो, काय करणार?

तर एकेका किल्ल्याचा एकेक फोल्डर केला आणि फोटो उचलून त्यात टाकत सुटलो. मध्येच एका फोटोपाशी गाडी अडली. राजगडाच्या संजीवनी माचीवरून काढलेला तोरणा. सकाळचा आहे. खाली दरीत धुकं साचलंय आणि पलीकडे तोरणा आपला अख्खा पसरलेला, उन्हात नुकता तापायला लागलेला. हा राजगडात जाईल की तोरण्यात? पाय राजगडावर होते, डोळे तोरण्यावर. दहा मिनिटं घालवली त्यात. शेवटी तोरण्यात टाकला, मग राजगडात, मग परत तोरण्यात.

चहा होतोय तोवर फोन आला. चंदगडकडच्या एक बाई, शाळेत शिकवतात. साइटवर नंबर आहे, त्यावरून केलेला.

"सर, तुमचा तोरणा दिसेना झालाय. उद्या चौथीच्या पोरांना दाखवायचा होता."

बाईंनी त्यांच्या पाठात माझ्या फोटोची लिंक टाकलेली. दोन वर्षं व्यवस्थित दिसत होता म्हणे. मी माझी साइट उघडली आणि पाहतच राहिलो. जिथे फोटो तिथे ते फाटक्या कागदाचं चिमुकलं चित्र. चित्र दिसलं नाही तर त्याच्या जागी काय उमटावं, ते शब्द आपण भरून ठेवायचे असतात. मी आळसाने सगळीकडे 'फोटो' एवढंच भरलेलं. त्यामुळे पानभर फोटो, फोटो, फोटो. फोटो एकही नाही.

पान बिचारं जुन्याच जागी हाक मारत होतं, आणि सर्व्हर ४०४, म्हणजे 'सापडत नाही', म्हणून हात झटकत होता. माझ्या पानांतले पत्ते मी एका दमात बदलू शकलो असतो. (तिथेही एक गंमत झालीच. घरच्या विंडोजवर सगळं दिसायचं, सर्व्हर लिनक्सचा, त्याला कॅपिटल टी वेगळा आणि स्मॉल टी वेगळा. आपल्या लिपीत ही भानगडच नाही.) पण बाईंच्या पाठातला पत्ता मी कसा बदलणार? आणि अशा आणखी किती बाई असतील, कुठकुठल्या गावांत? आधी मुकाट्याने सगळे फोटो जुन्या फोल्डरात परत नेऊन टाकले.

वास्तविक तोरण्याकडे बघून तरी मला हे कळायला हवं होतं. महाराजांनी त्याचं नाव प्रचंडगड ठेवलं. १७०४ साली औरंगजेबाने घेतला आणि नाव दिलं फुतूह-उल-गैब. आणि आपण वेल्ह्यात उतरून विचारतो काय, तर तोरण्याची वाट कुठली? सिंहगडाचं उलट. कोंढाण्याचा सिंहगड झाला तो झालाच, औरंगजेबाचं बक्षिंदाबक्ष मात्र कुणाच्या तोंडी बसलं नाही. कुठलं नाव चिकटेल ते ठेवणाऱ्याच्या हातात नसतं. आता तर वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं २०२४ साली मंत्रिमंडळाने ठरवलं. म्हणजे तोरणा राजगडात. माझी दहा मिनिटं फुकटच गेली म्हणायची.

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९८ सालीच बजावून ठेवलंय की पत्त्यात विषय घालू नका, विषयांच्या वाटण्या बदलतात. तारीख घाला, ती बदलत नाही. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर फोटो वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत टाकतं ते मला नेहमी खुळ्यासारखं वाटायचं. आता नाही वाटत. पण एवढा शहाणपणा ऐकायचा तर आवरण्यातली मजा काय राहिली?

मग दुसरा उपाय. सर्व्हरवर एक फाइल असते, तिच्यात एकेका फोटोची एकेक ओळ लिहायची: जुना पत्ता, नवा पत्ता. कुणी जुन्या दारात आलं की सर्व्हर ३०१ म्हणतो, म्हणजे 'कायमचे स्थलांतर', आणि नवं दार दाखवतो. ओळी लिहायला बसलो. दहाबारा झाल्या असतील, आणि मला वाड्यातल्या काकू आठवल्या.

शनिवार पेठेतला वाडा सोडून आम्ही कोथरूडला गेलो तेव्हा मी पाचवीत होतो. वडिलांनी सगळ्या नातेवाइकांना नव्या पत्त्याची कार्डं टाकली. उपयोग शून्य. पत्रं वाड्यावरच यायची. तळमजल्यावरच्या काकू ती घेऊन ठेवायच्या, जुन्या पत्त्यावर पट्टी धरून रेघ मारायच्या आणि शेजारी निळ्या शाईत नवा पत्ता लिहून दुसऱ्या दिवशी पोस्टमनच्या हाती द्यायच्या. शिक्षण चौथी. कोथरूड हा शब्द त्यांनी कायम 'कोतरूड' असाच लिहिला, आणि पत्रं कायम पोचली. पाकीट कधी फोडलं नाही, पण कार्ड वाचायच्या. उघडंच असतं ते. आईला मंडईत गाठून सांगायच्या, "नणंदेला मुलगा झाला हो तुमच्या. कार्ड येईल परवापर्यंत." यायचं.

सातआठ वर्षं हे चाललं. आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही की आता पुरे, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

मग एकदा मिरजेहून आत्या आली ती जरा घुश्श्यातच. वाड्यावर टाकलेलं तिचं पत्र तिच्याकडे परत गेलं होतं, 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन. आईने पाकीट हातात घेऊन पाहिलं. पत्त्यावर रेघ नव्हती. वडील तसेच चपला घालून वाड्यावर गेले. काकूंना जाऊन महिना झाला होता.

चाळीस ओळी झाल्या, हजारभर राहिल्यात. संध्याकाळी बाईंचा मेसेज आला, दिसतोय म्हणून. होस्टिंगचे, म्हणजे सर्व्हरवरच्या जागेचे, पैसे दर फेब्रुवारीत भरायचे असतात. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. मुलीलाही पासवर्ड कुठे आहे ते दाखवलं. ती "बरं" म्हणाली, मोबाइलमधून मान वर न काढता.