तुम्ही विचारलंत म्हणून : नवी इमारत जुनी कशासाठी करायची?

भुसावळच्या आमच्या घरात मागच्या खोलीत एक टेबल आहे आणि त्यावर ९० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद प्लायवुडच्या फळीवर एका लहानशा रेल्वे स्टेशनाची प्रतिकृती गेली तीन वर्षे आकार घेते आहे. ती पाहायला येणारी माणसे दगडी भिंतीचे आणि नखाएवढ्या खिडक्यांचे मनापासून कौतुक करतात. मात्र मी त्याच भिंतीवर पातळ काळ्या शाईचा ब्रश फिरवायला घेतला, की त्यांचा जीव कासावीस होतो. शेजारच्या काकू तर माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "एवढं चांगलं केलं, मंग खराब काबर करता?" हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी थोडे प्रतिकृतीविषयी सांगतो. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची अरुंदमापी (नॅरोगेज) रेल्वेची वाट १९१८-१९ मध्ये सुरू झाली आणि आमच्याकडे लहानथोर सगळे तिला 'पी.जे.' म्हणतात. माझे स्टेशन त्या वाटेवरचे कोणतेही एक स्टेशन नाही. पाचोरा आणि शेंदुर्णी यांच्या दरम्यान कुठेतरी असू शकले असते, असे ते मी मनाने वसवलेले आहे. एक तिकिटाची खोली, पुढे पडवी, वर पत्र्याचे छप्पर, बाजूला मालाची छोटी कोठी आणि दोन कडुनिंब एवढाच त्याचा संसार आहे.

प्रमाण १:८७ घेतले, म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी, त्याला कारण आहे. या प्रमाणाचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, आणि आपल्या मोठ्या मार्गाचे (ब्रॉडगेजचे) १६७६ मिलिमीटर या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतात. त्यामुळे भुसावळ जंक्शन करायला घेतले, तर तयार रुळांवर ते नेहमी अंग चोरून उभे असल्यासारखे दिसते. पी.जे.च्या रुळांमधले अंतर मात्र ७६२ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये पावणेनऊ मिलिमीटर, आणि ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. हा पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. खानदेशातल्या माणसाला असा योग क्वचित लाभतो आणि मी तो सोडला नाही.

भिंती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या आहेत. चार मिलिमीटर जाडीची लादी ओतायची आणि ती ओलसर असतानाच सुईने दगडांचे थर कोरायचे, असे ते काम आहे. इमारतीची लांबी नऊ मीटर धरली, तर ती सुमारे सव्वादहा सेंटिमीटर होते आणि माणूस जाण्यायेण्याचा दरवाजा जेमतेम २४ मिलिमीटर उंच होतो. या कामाला चिकाटी लागते, पण त्यात रहस्य असे काही नाही. खरी परीक्षा पुढे असते.

काकूंच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की मी इमारत खराब करत नाही, ती कुठे उभी आहे हे मी लिहितो. कोऱ्या भिंतीला गाव नसते. तीच भिंत रत्नागिरीत असती, तर तिच्यावर एक प्रकारचे डाग पडले असते आणि पाचोऱ्याजवळ असती, तर दुसऱ्या प्रकारचे. ऊन, पाऊस, माती आणि माणसांचा वावर यांनी त्या त्या ठिकाणी जे केले असते, ते कारणासकट दाखवणे म्हणजे वेदरिंग. प्रत्येक डागाला कारण असले पाहिजे, आणि ज्याचे कारण मला सांगता येत नाही तो डाग मी पुसून टाकतो.

हे मला पहिल्याच इमारतीने शिकवले. परदेशी छंदिष्टांनी सांगितलेल्या रीतीप्रमाणे मी जोत्यावर आणि पन्हाळीखाली हिरवे शेवाळ दाखवले होते. काम हाताला छान जमले होते, तरीही ती इमारत आमच्याकडची वाटेना. मग लक्षात आले, की आमच्याकडे वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर आणि तोही चार महिन्यांत, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. भिंतीवरची हिरवाई श्रावणात दिसते, दिवाळीपर्यंत टिकते आणि नंतर वाळून तिचे काळे पापुद्रे होतात. वर्षातले आठ महिने आपण शेवाळ म्हणून जे पाहतो, ते काळे असते. मी ती इमारत मोडली आणि वही घेऊन पावसाळ्यात जुन्या इमारती पाहायला बाहेर पडलो.

त्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद जोत्याची आहे. पन्हाळ नसलेल्या पत्र्यावरून पाणी सरळ खाली पडते, जमिनीवर आपटते आणि मातीचे शिंतोडे भिंतीवर उडवते. हा पट्टा साधारण दोन फूट उंच असतो, खाली दाट आणि वर विरळ होत जाणारा. १:८७ मध्ये तो सात मिलिमीटरचा होतो. आता गंमत अशी, की फलाटावर मुरूम पसरलेला असल्यामुळे पुढच्या बाजूला हा पट्टा तांबूस असतो, आणि मागे शेताची काळी माती असल्यामुळे त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला तो राखाडी-काळा असतो. कोपऱ्यावर, जिथे मुरूम संपतो आणि काळी माती सुरू होते, तिथे दोन्ही रंग अर्धी वीत एकमेकांत मिसळलेले असतात. माझ्या प्रतिकृतीत हे मिसळणे दीड मिलिमीटरच्या जागेत दाखवायचे होते, आणि त्या कोपऱ्यासाठी मी एक अख्खा रविवार दिला. त्याची मला जराही खंत नाही.

त्यासाठी मी खरी मातीच वापरतो. जामनेर रस्त्याच्या कडेची काळी माती आणून ती तव्यावर चांगली भाजायची, म्हणजे तिच्यातले जीवजंतू मरतात. मग खलबत्त्यात कुटून ती वस्त्रगाळ करायची आणि शेवटी कागदात गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यातून फिरवायचे. कागद बाहेर काढला की त्याला बारीक काळ्या कणांची लव चिकटलेली दिसते. आपली काळी माती बेसॉल्टपासून झालेली आहे आणि त्या खडकात चुंबकीय लोहखनिज असते, तेच हे कण. ते काढले नाहीत, तर रुळांवरून ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाकडे ओढले जातात आणि इंजिन बंद पडते. पहिल्यांदा ती लव पाहिली, तेव्हा मी कागद खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहत बसलो होतो.

खरी माती वापरली म्हणजे रंग आपोआप खरा येतो, असे मात्र नाही. पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजली की माती वाळल्यावरही मूळ रंगापेक्षा गडद दिसते. शिवाय टेबलापासून ६० सेंटिमीटरवर उभे राहून आपण जी इमारत पाहतो, ती खरी असती, तर आपण तिच्यापासून ५२ मीटरवर असतो, आणि एवढ्या अंतरावरून सगळे रंग थोडे फिके दिसतात. म्हणून त्या मातीत मी पांढऱ्या आणि राखाडी खडूची पूड मिसळतो. नियम म्हणाल तर एवढाच, की हाताला जो रंग बरोबर वाटतो, त्यापेक्षा एक पायरी फिका रंग घ्यावा.

छपराची कथा वेगळी आहे. नालीदार पत्र्याच्या दोन उंचवट्यांमधले अंतर ७६ मिलिमीटर असते, म्हणजे माझ्या प्रमाणात ०.८७. पाच मिलिमीटरच्या स्क्रू-रॉडचे आटे ०.८ मिलिमीटरवर असतात. पार्सलच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा सपाट भाग कापून, तो रबराच्या तुकड्यावर ठेवून त्यावरून हा रॉड दाबून फिरवला, की नाली उमटते. ती सुमारे तीन अंशांनी तिरकी येते, कारण आटे स्वतःच तिरके असतात. म्हणून पट्टी कापताना तेवढी तिरकी धरावी लागते. एकेक पत्रा २८ मिलिमीटर लांब आणि नऊ मिलिमीटर रुंद असे चाळीस तुकडे मी पाडले.

त्यांना गंज द्यायला मी रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून फेरिक क्लोराइड आणले. सर्किटची पाटी करताना तांबे खायला ते वापरतात. ॲल्युमिनियमवर त्याची क्रिया फार जोरात होते, द्रव तापतो, धूर निघतो, आणि म्हणून हे काम हातमोजे व चष्मा घालून गच्चीवरच करायचे. पहिल्या दिवशी मी सहा पत्रे एकदम टाकले, चिमटा उचलेपर्यंत त्यांची जाळी झाली आणि पाठोपाठ त्यांचा लगदा झाला. तेव्हापासून एका वेळी एकच पत्रा आणि काही सेकंद, लगेच पाण्यात. असा खाल्लेला पत्रा कडेला कातरल्यासारखा होतो आणि तसा आकार कात्रीने कधीही येत नाही.

पण छपरावर बसवलेल्या पत्र्यांपैकी फक्त पाचांना मी ही शिक्षा दिली. नवशिक्याचा हात इथेच घसरतो, सगळे छप्पर सारखे तांबडे होते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आमच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे राखाडीच राहतो. गंज सुरू होतो तो खिळ्याच्या भोकाशी, कापलेल्या कडेला, आणि जिथे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो त्या जोडात, कारण तिथे शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. म्हणून मी आधी सगळे छप्पर मंद राखाडी केले. मग शंभर मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ड्रॉइंगच्या काळ्या शाईचे दहा-बारा थेंब टाकून ते मिश्रण नाल्यांमधून वरून खाली सोडले आणि शेवटी खिळ्यांच्या ओळींखाली गंजाची पूड अगदी बारीक ब्रशने खाली ओढली. ब्रश कायम वरून खालीच चालवायचा. पाणी कधी आडवे वाहत नाही, आणि आडवा फटकारा कितीही सुंदर असला तरी तो ब्रशाचाच दिसतो.

उन्हाचे काम त्या मानाने थोडे आहे. पश्चिमेचा दरवाजा पूर्वेच्या खिडकीपेक्षा फिका केला आणि पिवळ्या नामफलकाची एक बाजू दुसरीपेक्षा उडालेली दाखवली. जमिनीच्या भेगांना अधिक वेळ लागला. उन्हाळ्यात काळी माती इतकी आकसते, की तिच्यात पाच सेंटिमीटरच्या भेगा पडतात, म्हणजे माझ्याकडे अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जास्त. मातीचा गारा पातळ थरात पसरून उन्हात ठेवला, की तो आपला आपणच तसा तडकतो. थर जाड झाला तर भेगा रुंद पडतात आणि प्रमाण बिघडते. तीच माती पावसात फुगते आणि वरची भिंत हलवते, म्हणून तिकिटाच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा वर गेलेला मी टाचणीने कोरला आहे. वाळलेल्या गवतासाठी डास मारायच्या बॅटमधले सर्किट उपयोगी पडते. त्याच्या विजेच्या दाबाने नायलॉनचे तंतू ओल्या गोंदावर उभे राहतात. रंग मात्र मार्गशीर्षानंतरच्या बांधासारखा पिवळट घ्यावा.

आता जे मला सर्वांत जवळचे आहे ते सांगतो. पडवीत भिंतीला टेकून एक लाकडी बाक आहे. ज्यांनी अशा पडवीत गाडीची वाट पाहिली आहे, त्यांना आठवत असेल, की बाकाच्या वर चुन्याच्या भिंतीवर काळपट गोल डागांची एक ओळ असते. डोक्याला तेल लावून आलेली माणसे तिथे डोके टेकून बसतात, डुलक्या घेतात आणि वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी तेल मुरत जाते. फरशीपासून १४ मिलिमीटरवर, सारख्या अंतरावर नव्हे, दोन जवळजवळ, मग थोडी जागा, मग तिसरा, असे चार डाग मी खऱ्या खोबरेल तेलाने दिले, सुईच्या टोकाने. प्लास्टरने ते शोषून घेतले आणि डाग हळूहळू थोडा पसरला, जसा खऱ्या भिंतीवर पसरतो. तिकिटाच्या खिडकीची लाकडी कड पैसे सरकवणाऱ्या हातांनी गुळगुळीत झालेली असते, म्हणून तेवढीच जागा शिसाच्या पेन्सिलीने घासून चमकवली. कोपऱ्यातल्या पानाच्या पिंका दाखवाव्यात की नाही याचा मी बराच विचार केला आणि एक, खाली, विटलेली अशी ठेवली.

काही जण विचारतात, की पी.जे. २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली, तर स्टेशन आजचे, बंद पडलेले का दाखवत नाही? त्यात वेदरिंगला भरपूर वाव आहे, हे खरे. पण तेलाचे डाग ताजे राहण्यासाठी रोज कोणीतरी त्या बाकावर येऊन बसावे लागते. माझ्या फळीवर सकाळची गाडी नुकतीच जामनेरकडे गेली आहे, बाक रिकामा आहे, आणि दुपारच्या गाडीला माणसे परत येणार आहेत.

मालाच्या कोठीची मागची भिंत अजून कोरी आहे. तिथे छपराचा उतार कमी आणि पत्रा जास्त पुढे आलेला आहे, त्यामुळे काळ्या मातीचे शिंतोडे किती उंच चढतील हे मला अंदाजाने ठरवायचे नाही. पाचोऱ्याच्या बाजूला तशीच एक जुनी कोठी पाहून ठेवली आहे. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, की फूटपट्टी घेऊन तिथे जाणार आहे.