मॉर्निंग ग्लोरी: पानं भरपूर, फुलं का नाहीत?

मॉर्निंग ग्लोरीची वेल बघता बघता जाळीभर पसरते, पानं तळहाताएवढी होतात आणि कळी मात्र दिसत नाही. मग आणखी खत घातलं जातं आणि तिथेच सगळं बिघडतं. नत्र जास्त झालं की ही वेल पानंच काढत राहते. कुंडी भरताना पाव हिस्सा कंपोस्ट मिसळलं असेल तर पुढे काही घालू नका, युरिया तर नकोच. रोज किमान ६ तास थेट ऊन मात्र हवंच.

रात्रीच्या उजेडाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मॉर्निंग ग्लोरीच्या 'आयपोमिया निल' या जातीला कळ्या धरायला लांब आणि सलग काळोखी रात्र लागते. तिच्या 'व्हायोलेट' वाणाच्या कोवळ्या रोपांना १६ तासांची एकच काळोखी रात्र पुरते, पण त्या रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ जरी उजेड पडला तरी परिणाम पुसला जातो. त्यामुळे कुंडीजवळ रात्रभर दिवा जळत असेल तर खतापाण्याचा विचार नंतर, आधी कुंडी हलवा.

बी उगवत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. बी खराब नसतं, त्याचं कवच टणक असतं आणि पाणी आत शिरत नाही. एका टोकाला जो व्रण दिसतो, तिथून कोंब फुटतो. ती बाजू सोडून गोलसर पाठीवर सँडपेपर घासा. आतला फिकट भाग जरासा दिसला की थांबा. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी जी बी फुगून दुप्पट झाली असेल ती लगेच पेरा, तशीच राहिलेली पुन्हा घासा. २४ तासांपेक्षा जास्त बुडवून ठेवली तर बी कुजते. १ ते १.५ सेंमी खोल पेरावी. माती २० ते २५ अंशांची असेल तर साधारण आठवड्याभरात मधोमध खाच असलेली दोन बीजपत्रं वर येतात. मुळं दुखावलेली या रोपाला सोसत नाहीत, म्हणून जागेवरच पेरलेलं उत्तम. नाहीतर कागदी कपात पेरून कपासकट लावा.

शेंडा वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. सुतळीला हाताने गुंडाळताना हीच दिशा ठेवा, उलट गुंडाळलेला शेंडा सुटून येतो. जाड खांबाला विळखा बसत नाही, तिथे सुतळ्या ताणून द्याव्या लागतात.

'हेवनली ब्लू' या मॉर्निंग ग्लोरीच्या वाणाची कळी जांभळट लाल असते आणि फूल आकाशी उमलतं. उमलताना पाकळीच्या पेशींतल्या रसाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ६.६ वरून ७.७ वर जातो आणि रंग पालटतो. मातीत चुना टाकून हा निळा रंग आणता येत नाही.

बोंडं तपकिरी होऊन वाळली की तडकायच्या आत काढा, नाहीतर पुढच्या हंगामात वाफाभर रोपं उगवतील. बी विषारी असते. लहान मुलं आणि पाळीव जनावरं पोचणार नाहीत अशा ठिकाणी, बंद डबीत ठेवा.