नॅट टाइप ३ आणि बडोद्याची जुनी घरं: कन्सोलसाठी राऊटर कसा लावावा

बडोद्यात आता गल्लीबोळापर्यंत फायबर पोचलंय. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या घरांतसुद्धा शंभर-दोनशे एमबीपीएसची लाइन सहज मिळते. तरी कन्सोलवर खेळणाऱ्यांच्या तक्रारी त्याच आहेत. पार्टीत एका मित्राचा आवाज येतो, दुसऱ्याचा येत नाही. मॅच लागता लागत नाही, आणि लागली की ऐन वेळी खेळाडू जागच्या जागी अडखळतो. मग घरचे प्लॅन वाढवतात, चार अँटेनांचा नवा राऊटर आणतात, आणि फरक शून्य. चालू खेळाला बहुतेक वेळा १ एमबीपीएससुद्धा लागत नाही, त्यामुळे वेग वाढवून हे दुखणं जात नाही.

बिघाड बहुधा दोनपैकी एका ठिकाणी असतो. एक तर नॅटमुळे, म्हणजे राऊटर घरातली सगळी उपकरणं एकाच पत्त्यामागे ठेवतो त्यामुळे, बाहेरच्या खेळाडूंना तुमचा कन्सोल सापडत नाही, किंवा पॅकेट, म्हणजे खेळाच्या माहितीचे छोटे तुकडे, तुमच्याच घरात अडकून पडतात. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. यूट्यूबवर पाहून एकदम दहा सेटिंग बदलली, की नेमकं काय लागू पडलं आणि काय बिघडलं हे कळायचा मार्गच उरत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी कन्सोलची टेस्ट पुन्हा चालवा.

आधी पत्ता तपासा

पीएस५ वर सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस असं जाऊन टेस्ट चालवली की नॅट टाइप १, २ किंवा ३ दिसतो. एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, नेटवर्क सेटिंग्ज इथे टेस्ट नॅट टाइप आहे. तिथे ओपन, मॉडरेट किंवा स्ट्रिक्ट असं उत्तर येतं. निन्टेंडो स्विच ए, बी, सी, डी किंवा एफ अक्षर दाखवतो. प्लेस्टेशनवर टाइप १ च्या मागे लागू नका. मध्ये राऊटर नसतो तेव्हाचं ते उत्तर आहे. राऊटरमागे टाइप २ हेच बरोबर. टाइप ३, स्ट्रिक्ट किंवा डी आला असेल तरच हा भाग तुमच्या कामाचा, नाहीतर सरळ रांगेच्या भागाकडे जा.

नॅटचा त्रास सगळ्याच खेळांत सारखा होत नाही. कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या खेळात स्ट्रिक्ट असूनही मॅच बरी चालते. जिथे दोन कन्सोल थेट एकमेकांशी बोलतात तिथे खरी अडचण येते: टेकन ८ किंवा स्ट्रीट फायटर ६ सारखे लढतीचे खेळ, जीटीए ऑनलाइन, आणि बऱ्याचदा पार्टी चॅट. स्ट्रिक्टवाला ओपनवाल्याशी जोडला जातो, पण दोघेही स्ट्रिक्ट असले तर जोडणी होत नाही. पाच मित्रांपैकी नेमक्या एकाचाच आवाज येत नाही, त्यामागे हे कारण असतं.

आता राऊटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि राऊटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तिथे वॅन (राऊटरची बाहेरची बाजू) किंवा इंटरनेट स्टेटसखाली जो आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिसेल तो लिहून घ्या. मग त्याच वाय-फायवरच्या फोनमधून 'माझा आयपी काय' दाखवणारी कुठलीही साइट उघडा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पुढचं सगळं या एका तुलनेवर ठरतं, आणि तीच बहुतेक लोक करत नाहीत.

दोन्ही आकडे सारखे असतील तर तुमच्याकडे पब्लिक, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा, आयपी आहे आणि काम सोपं आहे.

वॅनचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरातच दोन राऊटर एकामागे एक लागले आहेत. ऑपरेटरचा माणूस जो फायबरचा डबा बसवून गेला, म्हणजे ओएनटी, तो स्वतःच राऊटरचं काम करतोय आणि तुम्ही विकत आणलेला राऊटर त्याच्यामागे दुसऱ्यांदा नॅट करतोय. यातून बाहेर पडायला दोन वाटा आहेत. पहिली: ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायचा, म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देतो, आणि पीपीपीओईचं (लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) यूजरनेम-पासवर्ड आपल्या राऊटरमध्ये भरायचं. हे ऑपरेटरच्या मदतीशिवाय करू नका. व्हीलॅन आयडी (ऑपरेटरने लाइनसाठी ठरवलेला क्रमांक) चुकला तर लाइनच बंद पडते, आणि लँडलाइन त्याच डब्यावर असेल तर तीही जाते. दुसरी वाट जास्त सोपी आहे: आपला राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. मग तो फक्त वाय-फाय देतो आणि नॅट एकट्या ओएनटीकडे राहतं. ओएनटी बरा असेल तर मी दुसरीच वाट सुचवीन.

वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आल्यामुळे ऑपरेटर एकाच पब्लिक आयपीमागे कित्येक घरं बसवतो. हा पट्टा २०१२ साली खास त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही लहान ऑपरेटर यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. इथे आपल्या राऊटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी ठरावीक क्रमांकाची दारं कन्सोलकडे उघडली, तरी उपयोग नाही, कारण बाहेरून येणारं पॅकेट ऑपरेटरच्याच यंत्रावर थांबतं. एकेक फोरम वाचत रात्र घालवण्याआधी हे कळलं तर केवढा वेळ वाचतो.

सीजीनॅट असेल तर ऑपरेटरकडे पब्लिक आयपी मागा. मागताना एक फरक लक्षात ठेवा. आपण 'स्टॅटिक आयपी' म्हणतो आणि तिकडून महागडा बिझनेस प्लॅन सांगितला जातो. कन्सोलला स्टॅटिक लागतच नाही. रोज बदलणारा, पण पब्लिक असलेला आयपी पुरतो. आपल्याकडे हा फोन गुजरातीतच होणार, तेव्हा नेमकं म्हणा: "पब्लिक आयपी जोईए छे, डायनॅमिक हशे तो पण चालशे." कित्येकदा तेवढ्यावर काम होतं. ते जमत नसेल तर राऊटरवर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, सुरू करून पाहा. एक्सबॉक्स आयपीव्ही६ वापरतो, त्यामुळे लाइनवर ते मिळत असेल तर त्याची नॅटची कटकट बरीच कमी होते.

पब्लिक आयपी आहे, मग पुढे

कन्सोलला घरातला कायमचा आयपी द्या. कन्सोलच्या नेटवर्क माहितीतून मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, घ्या. वायर्डचा आणि वाय-फायचा मॅक वेगळा असतो, तेव्हा जो वापरणार तोच घ्या. राऊटरच्या डीएचसीपी (घरात आयपी वाटणाऱ्या) पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशनमध्ये त्याला एक आयपी बांधून टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. कन्सोलवर हाताने आयपी भरण्यापेक्षा हे चांगलं. दोन उपकरणांना एकच आयपी जायची भीती राहत नाही.

मग यूपीएनपी सुरू करा. कन्सोल स्वतःच राऊटरला सांगून हवा तो पोर्ट उघडून घेतो. सुरू असूनही स्ट्रिक्ट येत असेल तर बहुधा जुनी नोंद अडकलेली असते. कन्सोल पूर्ण बंद करा, स्लीपमध्ये नाही. राऊटर बंद करून दोन मिनिटांनी लावा, तो पूर्ण चालू झाल्यावरच कन्सोल लावा.

यूपीएनपीने जमलं नाही तर पोर्ट फॉरवर्डिंग. पुढे आलेले टीसीपी आणि यूडीपी हे पॅकेट पाठवायचे दोन प्रकार. प्लेस्टेशनसाठी टीसीपी ३४७८ ते ३४८० आणि यूडीपी ३४७८, ३४७९. यादीत ८० आणि ४४३ हेही दिसतात, पण ते बाहेर जाण्यासाठी आहेत, फॉरवर्ड करू नका. एक्सबॉक्ससाठी ३०७४, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. याशिवाय यूडीपी ८८, ५००, ३५४४ आणि ४५०० यादीत आहेत, पण बहुतेक घरांत एकट्या ३०७४ ने काम होतं. स्विचसाठी निन्टेंडो यूडीपी ४५००० ते ६५५३५ एवढा मोठा पट्टा सांगतं.

घरात दोन कन्सोल असतील तर इथे गाठ पडते. एक पोर्ट एकाच आयपीकडे जातो. दोन्ही एक्सबॉक्सना ३०७४ हवा, मग एक ओपन आणि दुसरा स्ट्रिक्ट. फॉरवर्डिंगची नोंद काढून टाका, यूपीएनपी ठेवा, आणि दुसऱ्या एक्सबॉक्सवर ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधल्या अल्टरनेट पोर्ट सिलेक्शनमधून वेगळा पोर्ट निवडा. फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी एकाच पोर्टसाठी एकत्र ठेवू नका. ती एकमेकांच्या आड येतात.

डीएमझेड, म्हणजे एका उपकरणाकडे सगळेच पोर्ट उघडणं, हा शेवटचा उपाय, आणि तोही फक्त कन्सोलसाठी. घरच्या कॉम्प्युटरला किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला डीएमझेडमध्ये कधीही टाकू नका. अख्ख्या जगाला त्याचं दार उघडं होतं.

रांग

नॅट बरोबर आहे, एरवी पिंग (पॅकेट जाऊन यायला लागणारा वेळ) चांगला आहे, पण संध्याकाळी घरचे सगळे आले की खेळ अडखळतो. हे दुसरं दुखणं. आईचा फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढायला लागतात, अपलोड भरून जातं, आणि खेळाचं इवलंसं पॅकेट त्यामागे ताटकळतं. मंगळबाजारात टेम्पो शिरला की मागच्या सायकलवाल्याचं जे होतं तेच. रस्ता रुंद असला तरी राऊटरच्या आत रांग लांब असेल तर २० मिलिसेकंदाचा पिंग ३०० वर जातो. याला बफरब्लोट म्हणतात.

ओळखायला सोपं आहे. लॅपटॉपवर सतत पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. पिंग ३०-४० मिलिसेकंदांहून जास्त चढला तर रोग सापडला.

उपाय एसक्यूएम, म्हणजे राऊटरमधली रांग आखडती ठेवणारी सोय. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीची खुली प्रणाली) चालणाऱ्या राऊटरवर त्याचं पॅकेज टाका, रांगेची पद्धत केक निवडा, आणि डाउनलोड-अपलोडचे आकडे लाइनच्या खऱ्या वेगाच्या ९० टक्के भरा. १०० ची लाइन प्रत्यक्षात ९६ देत असेल तर ८६. आकडा प्लॅनचा नाही, मोजलेला हवा, आणि तो संध्याकाळी मोजा. एसक्यूएमसाठी हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेटचं काम वेगळ्या चिपवर टाकणं) बंद करावं लागतं, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. जुन्या स्वस्त राऊटरवर मोठ्या लाइनचा वेग त्यामुळे खाली येतो. खेळणाऱ्या घरात मी तो वेग सोडून द्यायला सांगेन. साध्या राऊटरवर फक्त क्यूओएस (कुणाचं पॅकेट आधी जाणार हे ठरवणारी सोय) असेल तर त्यात एकूण अपलोडची मर्यादा ९० टक्क्यांवर आणा आणि कन्सोलच्या मॅकला वरची प्रायॉरिटी द्या. प्रायॉरिटी दिली पण मर्यादा घातली नाही, तर रांग ओएनटीमध्ये लागते आणि क्यूओएसला तिथे काही करता येत नाही.

आणि अपेक्षाही नीट ठेवा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. बडोद्याहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन निव्वळ प्रवासाचे ४ मिलिसेकंद. मधल्या यंत्रांसह १५ ते ३० आला तर उत्तम समजा. सर्व्हर सिंगापूरला असेल तर प्रवासातच ४० च्या वर जातात. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून यातलं काहीही कमी होत नाही.

वायर आणि वाय-फाय

शक्य असेल तिथे लॅन केबल टाका. आपली जुनी घरं लांबट असतात: ओएनटी रस्त्याकडच्या पहिल्या खोलीत, टीव्ही मागच्या माडीवर, मध्ये चौक आणि जाड विटांच्या भिंती. पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय अशा दोन भिंतींतच दमतं. पण तोच चौक केबल न्यायला सोयीचा असतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट मिळतो. घेताना शुद्ध तांब्याची मागा. सीसीए लिहिलेली केबल म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, ती लवकर मोडते आणि लांब अंतरावर दगा देते. उघड्या चौकातून जाणार असेल तर उन्हात टिकणारी आउटडोअर केबल हवी. टोकांना रंगांचा क्रम डावीकडून असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडणी १०० वरच अडकली तर आठांपैकी एखादी तार क्लिपमध्ये नीट बसलेली नाही. जुन्या स्विचच्या डॉकला लॅनचं भोक नाही, त्याला यूएसबी अडॅप्टर लागतो; ओएलईडी मॉडेलच्या डॉकला आहे.

वायर शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं नाव २.४ पेक्षा वेगळं ठेवा आणि कन्सोल फक्त त्यालाच जोडा. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला, शेजाऱ्यांनी कमी वापरलेला निवडा. ५२ ते १४४ मध्ये राऊटरला रडार दिसलं तर चॅनेल सोडावा लागतो, आणि मॅच तुटते. चॅनेलची रुंदी ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ ठेवली तर दाट वस्तीत जास्त स्थिर चालतं. मूळ पीएस४ ला फक्त २.४ दिसतं, तिथे चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २०. पीएस४ जोडलाच जात नसेल तर राऊटरवर फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) लावलेलं आहे का पाहा आणि डब्ल्यूपीए२ सुरू करा. मध्ये रिपीटर लावू नका; प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं आणि जिटर, म्हणजे पिंगमधली चढउतार, वाढतो.

उत्तरायणानंतर हमखास येणारी एक तक्रार वेगळी आहे. १४-१५ जानेवारीला मांज्याने वरून गेलेल्या वायरी ओढल्या जातात, आणि घाईत जोडलेला सांधा कमजोर राहतो. लाल एलओएस दिवा (सिग्नल गेल्याची खूण) लागत नाही, पण अधूनमधून लाइन तुटते. ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या सिग्नलची ताकद) पाहा. उणे २७ डीबीएमच्या जवळ किंवा त्याखाली असेल तर राऊटरला हात लावू नका. हा आकडा सांगून ऑपरेटरला सांधा पुन्हा करायला लावा.