ओमानचे सण: कुठे, कधी आणि किती वाजता

मस्कतमध्ये नवीन आलेलं कुटुंब पहिल्या वर्षी ‘फेस्टिव्हल’ म्हणून जे बघतं ते म्हणजे रोषणाई, पाळणे आणि खाण्याचे स्टॉल. थंडीतल्या ‘मस्कत नाइट्स’ला मुलांना घेऊन एक संध्याकाळ जरूर जा. पण इथले खरे बघण्यासारखे सण मुळात बाजार आहेत, नाहीतर सुगी. त्यांची पोस्टरं फारशी लागत नाहीत. चंद्र कुठे आला आणि झाडावर काय पिकलंय यावर त्यांची वेळ ठरते, आणि एक-दोन तास उशीर झाला तर हाती काही लागत नाही. म्हणून वेळापत्रकावर जरा जास्त लिहितोय.

सगळ्यात आधी हब्ता. ‘हब्ता’ म्हणजे उतरणं. डोंगरातली, वाड्यांवरची माणसं ईदच्या खरेदीला खाली गावात उतरतात तो बाजार. वर्षातून दोनदा भरतो: रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, साधारण २३ ते २९ तारखेच्या दरम्यान, आणि बकरी ईदच्या आधी जुल-हिज्जा महिन्याच्या पहिल्या आठ-नऊ दिवसांत. प्रत्येक गावाचा दिवस परंपरेने ठरलेला असतो, अगदी आपल्या आठवडे बाजारासारखा, त्यामुळे व्यापारी आज इथे, उद्या तिथे असे फिरतात. निझवा, फंजा, बहला, समाईल, सिनाव, रुस्ताक, नखल अशा बऱ्याच गावांत हब्ता भरतो. कोणता दिवस कोणत्या गावाचा हे ऑफिसातल्या ओमानी सहकाऱ्याला विचारा. त्याला आपल्या गावचा दिवस पाठ असतो, आणि विचारलंत की तो खूशही होतो.

बाजार फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर लगेच सुरू होतो. जनावरांचा खरा सौदा सात ते नऊच्या आत उरकतो, दहाला लोक दोऱ्या गुंडाळायला लागतात. मस्कतहून निझवा सुमारे १६० किलोमीटर. म्हणजे पहाटे साडेचारला निघायला हवं, किंवा आदल्या रात्री तिथे मुक्काम. ‘नाश्ता करून निघू’ म्हणणारे लोक पोचतात तेव्हा लेंड्या आणि रिकामी पिकअप एवढंच उरलेलं असतं.

आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. इथे उलट. मालक किंवा दलाल (शब्द तोच, अरबीतूनच आपल्याकडे आलेला) बोकडाला दोरीने धरून गोल फिरवतो, भाव मोठ्याने ओरडतो, आणि आत-बाहेर उभे असलेले गिऱ्हाईक त्यावर चढवत जातात. मध्येच कुणी बोकडाचे दात बघतो, पाठ दाबतो. स्थानिक डोंगरी बोकड सोमालियाहून आलेल्यापेक्षा बराच महाग असतो, आणि सगळी घासाघीस त्या फरकावरून चाललेली असते. बघायला उभं राहायचं ते फेरी चालते त्या वाटेच्या बाहेर. वाटेत उभं राहिलात तर बिथरलेलं जनावर अंगावर येतं, आणि हात वर करून फोटो काढायला गेलात तर दलाल तुम्हाला गिऱ्हाईक समजू शकतो. बोकड खरंच घ्यायचा असेल तर घरी किंवा बिल्डिंगच्या आवारात कापता येत नाही, नगरपालिकेच्या कत्तलखान्यात न्यावा लागतो, आणि ईदच्या सकाळी तिथे मोठी रांग असते.

जनावरं नको असली तरी हब्त्यात घेण्यासारखं पुष्कळ असतं. खजुरीच्या पात्यांच्या टोपल्या, शुव्याचा (ईदच्या पुरून शिजवलेल्या मटणाचा) मसाला, खेळणी, हलवा. कुम्मा, म्हणजे भरतकामाची गोल टोपी, घेताना आतून उलटी करून बघा. मशीनच्या कामात टाके एकसारखे असतात, हाताच्या कामात थोडे वरखाली. किमतीत कित्येक पट फरक पडतो. खंजर घेणार असाल तर लक्षात ठेवा की तो विमानात हॅन्डबॅगेतून नेता येत नाही.

रमजानमधल्या हब्त्यात एक चूक हमखास होते: पाण्याची बाटली तोंडाला लावणं. सार्वजनिक जागी रोज्याच्या वेळेत खाणं-पिणं, सिगारेट ओढणं हे कायद्याने बंद आहे, आणि इथे तर आजूबाजूचे सगळे उपाशी उन्हात उभे असतात. उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीत बसून पिणंही टाळा. पहाटे घरून खाऊन निघा, लहान मुलं असतील तर तासाभरात परत फिरा. बकरी ईद सध्या मेच्या शेवटी येते, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत. तेव्हा अडचण उन्हाची असते. टोपी घाला, आणि नऊला निघायचंच. बायका-पुरुष दोघांनीही खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घालावेत. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. म्हाताऱ्या पुरुषांना विचारलंत तर बहुतेक वेळा ते उलट नीट उभे राहतात.

ईदच्या तारखेवर तिकिटं काढणाऱ्यांसाठी सूचना: ओमान चंद्रदर्शन स्वतः ठरवतं. त्यामुळे दुबईची ईद एक दिवस आधी आणि मस्कतची नंतर असं पुष्कळदा होतं. २९व्या रोज्याच्या संध्याकाळपर्यंत नक्की काही कळत नाही. बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.

ईदच्या सकाळी मस्कतचे रस्ते ओस असतात, कारण सगळे आपापल्या गावी गेलेले असतात. गावात मात्र नमाजानंतर रझहा सुरू होतो: पुरुषांच्या समोरासमोर रांगा, रहमानी आणि कासिर हे मोठा-छोटा ढोल, सवाल-जवाबासारखी गाणी आणि मध्ये तलवार हवेत उंच फेकून परत मुठीत झेलणारे. रांगेच्या टोकाला उभं राहू नका. चुकलेली तलवार तिकडेच पडते.

सहकाऱ्याने घरी बोलावलं तर नक्की जा. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, कारण फसवणारे पदार्थ दोन आहेत. अर्सिया आपल्या मऊ भातासारखा दिसतो, हरीस गव्हाच्या खिरीसारखा. दोन्हींत मांस इतकं घोटलेलं असतं की डोळ्याला कळत नाही. हलवा मात्र निःशंक खा: स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी. शुवा, म्हणजे मसाला चोळून पात्यांत बांधलेलं आणि जमिनीतल्या भट्टीत एक ते दोन दिवस पुरून ठेवलेलं मटण, ईदच्या पहिल्या दिवशी मिळत नाही. भट्टी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडतात. ती सगळ्या वाडीची एकच असते, म्हणून आपलं बोचकं ओळखायला लोक खुणा बांधतात. आमंत्रणात दिवसाची निवड असेल तर तो दिवस मागून घ्या. कहवा (इथली कॉफी) पुरे झाला की कप हलवून परत द्या, नाहीतर ओतणारा ओततच राहील.

रमजानच्या मध्यावर, १४व्या रात्री, करनकशू असतं. मुलं शिंपले किंवा दगड आपटत, गाणी म्हणत दारोदार फिरतात. तुमच्या गल्लीत ओमानी कुटुंबं असतील तर गोळ्या-शेंगदाण्याच्या तीसेक पुड्या तयार ठेवा. संपल्या तर १०० बैशाच्या नोटा चालतात. (बैसा म्हणजे आपलाच पैसा. १९७०पर्यंत इथे रुपया चालत होता.)

आता सुगी. जबल अख्दर या डोंगरावर, साधारण २००० मीटर उंचीवर, मार्चच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत गुलाब फुलतो. अल अकर, अल ऐन, अश शुरैजा ही पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांची गावं. फुलं पहाटे तोडतात, कारण ऊन चढलं की वास उडतो. मस्कतहून सकाळी निघून अकराला पोचणाऱ्यांना झुडपं हिरवीगार दिसतात, फूल एकही नाही. मुक्काम वरच करा, आणि एप्रिलमध्येही स्वेटर न्या.

डोंगराच्या पायथ्याशी, बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलीस फोर बाय फोर नसलेली गाडी वर सोडत नाहीत, तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. तुमच्याकडे तशी गाडी नसेल तर खालून भाड्याची ठरवा. नियमाचं कारण उतार आहे. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये ठेवून ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. उतरताना खालचा गिअर आणि इंजिनाचा आधार घ्या. जळका वास आला तर थांबा, पण चाकांवर पाणी ओतू नका.

गुलाबपाण्याची जुनी पद्धत बघायला मिळाली तर सोडू नका. मातीच्या चुलाण्यावर मातीचं मडकं, त्यात पाकळ्या. आत वरच्या बाजूला तांब्याचं भांडं आणि मडक्याच्या तोंडावर गार पाण्याने भरलेलं दुसरं. वाफ त्याच्या बुडाला लागून थेंब थेंब तांब्याच्या भांड्यात पडते. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं. हे तासन् तास चालतं, आणि निघतं ते पाणी धुरकट, किंचित तांबूस. स्टीलच्या यंत्रातलं मात्र स्वच्छ पांढरं. जुनं महाग असतं म्हणून सगळ्यांसाठी तेच चांगलं असं नाही. श्रीखंडात किंवा सरबतात धुराचा वास येतो आणि घरातले नाकं मुरडतात. धुरकट हलव्याला आणि कहव्याला, स्वच्छ आपल्या स्वयंपाकाला.

जूनच्या शेवटी आणि जुलैत बिदिया भागात तब्सील चालतं. मब्सली जातीचा खजूर पिवळा, कडक असतानाच उतरवतात, मोठ्या तांब्याच्या कढयांत पंधरा-वीस मिनिटं उकळतात आणि उन्हात पाच ते दहा दिवस वाळवतात. हा माल मोठ्या प्रमाणात भारतात जातो. म्हणजे ओटीतली, डिंकाच्या लाडवातली खारीक कशी होते ते इथे डोळ्यासमोर दिसतं. शेतं खासगी असतात, विचारून आत जा, आणि कढईजवळ मुलांचा हात सोडू नका.

मग खरीफ, म्हणजे दक्षिण ओमानातल्या सलाला शहराचा पावसाळा. २१ जून ते २१ सप्टेंबर हा त्याचा अधिकृत मोसम, पण डोंगर हिरवे व्हायला जुलैचा मध्य उजाडतो. जूनअखेरीस जाणाऱ्यांना धुकं आणि तपकिरी माती मिळते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत उत्तम. हॉटेलांचे दर मात्र तेव्हा दुपटीच्या पुढे जातात, कारण सगळं आखात तिथे आलेलं असतं. गर्दी नको असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा पकडा. धुकं ओसरतं, हिरवळ असते, आणि ढगाआड लपलेले डोंगर अखेर दिसतात.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने एक अपेक्षा घरी ठेवून जावी: आंबोलीचा पाऊस. वारा तोच नैऋत्येचा, पण इथे तो किनाऱ्यालगतच्या गार समुद्रावरून येतो. दमट हवेचं धुकं होतं, ते डोंगराला अडतं आणि भुरभुर पडत राहतं. बरंचसं पाणी झाडांची पानंच धुक्यातून टिपून घेतात. थुम्रैतच्या रस्त्याने घाट चढून पलीकडे गेलात की काही मिनिटांत धुकं संपतं आणि सरळ वाळवंट लागतं. हा बदल बघायला तरी एकदा तो घाट ओलांडा. खाली शहरात नारळ, केळी आणि पपईच्या बागा, रस्त्यावर शहाळी. इब्न बतूताने १४व्या शतकात इथल्या नारळाचं आणि विड्याच्या पानाचं वर्णन केलंय, म्हणजे कोकणी माणसाला इथे घरच्यासारखं वाटण्याची परंपरा जुनी म्हणायची. सुरमई मात्र मागू नका: १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिची मासेमारी बंद असते.

मस्कतहून रस्त्याने जवळपास १००० किलोमीटर. आदम, हैमा, थुम्रैत असा सरळसोट रस्ता, आणि तो सरळ आहे हाच धोका. डोळा लागतो. रात्री चालवू नका, कारण काळ्या रस्त्यावर उभा उंट दिव्यांच्या वर असतो, दिसतात ते फक्त पाय, तेही शेवटच्या क्षणी. पेट्रोलचा काटा अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. डोंगरात धुकं दाट झालं की लोक चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावतात. त्याने मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय हे कळत नाही. लो बीम आणि फॉग लाइट पुरेत. अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. गाडी हिरवळीवर घालू नका, चिखलात रुतते आणि दंडही होतो. या मोसमात समुद्रात पोहायचं तर अजिबात नाही.

संध्याकाळी इतीनच्या पठारावर खाण्याची गर्दी असते. मझबी, म्हणजे तापलेल्या दगडांवर भाजलेलं मांस, हा इथला पदार्थ. बर्रा नाच कुठे आहे असं कळलं तर बाकी सगळं सोडून जा. गाणारे आणि ढोलवाले अर्धगोल करून उभे, मध्ये दोन नर्तक, हातात खंजर. २०१०मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेली ही ओमानची पहिली कला.

ऊद-लोबानसाठी सलालातला हाफा सूक, म्हणजे बाजार. ओमानी लुबान (इथला लोबान) हा आपल्या सातपुड्यातल्या सालईचा भाऊबंद. होजरी ही वरची प्रत: खडे फिकट, हिरवट-पांढरे, उजेडात धरले की आरपार दिसणारे. तपकिरी, भुगा मिसळलेली पिशवी स्वस्त मिळते, पण तिचा धूर जास्त आणि वास कमी. पाव किलो वर्षभर पुरतो. आणि मस्कतच्या फ्लॅटमध्ये निखाऱ्यावर टाकण्याआधी धुराचा अलार्म कुठे आहे ते बघून ठेवा.

राष्ट्रीय दिनाची तारीख बदलली आहे हे बऱ्याच जुन्या लोकांनाही अजून लक्षात राहत नाही. पूर्वी १८ नोव्हेंबर होता, २०२५पासून २० नोव्हेंबर. १७४४मध्ये अल बुसैदी घराण्याची सत्ता सुरू झाली त्याच्या स्मरणार्थ. थंडीच्या याच दिवसांत बर्का आणि किनाऱ्यावरच्या गावांत शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास बैलांच्या टकरी होतात. तिकीट नसतं. सारख्या वजनाचे दोन बैल डोकी भिडवतात, एकाने माघार घेतली की संपलं. बसायचं ते रिंगणाच्या भिंतीवर, पाय बाहेरच्या बाजूला सोडून. हरलेला बैल कुठून पळेल ते तोच ठरवतो, म्हणून गाडीही रिंगणाच्या फाटकासमोर लावू नका.