डॉक ऑक आले

पोरं ते हसत म्हणाली की नुसतंच म्हणाली, एवढंच मला आठवायचंय, आणि नेमकं तेवढंच आठवत नाही.

ऑफिसातून येत होतो. खांद्याला लॅपटॉपची बॅग, एका हातात डबा आणि भाजीची पिशवी, काखेत छत्री, दुसऱ्या हातात हिने सांगितलेला भडंगाचा पुडा. जिन्याच्या वळणावर पोचलो तेवढ्यात वरून पोरांचा आवाज आला, "गप रे, डॉक ऑक आले." मग चिडीचूप. डॉक ऑक म्हणजे स्पायडर-मॅनच्या कॉमिक्समधला चार यांत्रिक हातांचा डॉक्टर ऑक्टोपस. दारात गेलो तर सगळे "काका, काका" करत उठले, एकाने पिशवी हातातून घेतली. त्यांतला बंडू तर इतका सभ्य दिसत होता की तिथेच संशय पक्का झाला.

"आले" म्हणाले, "आला" नव्हे. जेवताना याचाच कीस काढत बसलो होतो, आमटी गार झाली.

टोपणनावांचं या पोरांना वेडच आहे. कॉमिक्समधल्या स्पायडर-मॅनला स्पायडी, बॅटमॅनला बॅट्स, सुपरमॅनला सुप्स, कॅप्टन अमेरिकाला कॅप ही जगभर चालतात, ती यांच्याकडेही चालतात. पण सांगलीच्या हवेत आला की माणूस असो नाहीतर महाबली, त्याला शेपूट फुटतंच. खलनायकांत थॅनोसचा थान्या, गॉब्लिनचा गॉब्या, व्हेनमचा व्हेनम्या. किंगपिनला अण्णा म्हणतात, त्याचा आकार बघता दुसरं काही शोभलंही नसतं. डॉक्टर डूम मात्र 'सरकार'. लॅटव्हेरिया नावाच्या काल्पनिक देशाचा सत्ताधीश आहे ना, म्हणजे संस्थानिकच झाला. परवा एकजण तावातावाने सांगत होता, "सरकारांचा नाद करायचा नाही लका, चौघांना एकटा पुरून उरलाय त्यो!" डूमशी लढणाऱ्या चौघांच्या, म्हणजे फॅन्टास्टिक फोरच्या, कॉमिक्सचं इतकं नेमकं सार मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सुपरमॅनचं 'मॅन ऑफ स्टील', बॅटमॅनचं 'केप्ड क्रुसेडर' ही बिरुदं झाली, मुखपृष्ठावर मिरवायची. पण १९३८ मध्ये जन्मलेल्या, विमानाच्या वर उडणाऱ्या सुपरमॅनला कुणी 'सुप्स' म्हटलं की तो गुमान खाली उतरून कट्ट्यावर येऊन बसतो. आयर्न मॅन कॅप्टन अमेरिकाला 'विंगहेड' म्हणतो, कॅप त्याला 'शेलहेड'. एकमेकांना झोडपून काढल्यावरही ती नावं मोडत नाहीत. मला हे नेहमी आवडायचं. आज जरा टोचलं.

कारण मला कधी कुणी काही म्हटलेलंच नाही. शाळेत आडनाव, ऑफिसात आडनावापुढे साहेब, घरात 'अहो'. आमच्या वर्गात गोट्या होता, टिल्ल्या होता, बोका होता. गोट्या आता बँकेत मॅनेजर आहे, बाहेर काचेवर पूर्ण नावाची पाटी, तरी मारुती चौकात भेटला की गोट्याच. एवढ्या सगळ्यांना नावं वाटून झाली आणि माझ्यापाशी येऊन संपली. कॉलेजात मीच स्वतःला एक लावून पाहिलं होतं. ते काय होतं हे इथेही लिहिणार नाही. त्याच काळात कोल्हापूरला विद्यापीठात पीएच.डी.चं जे काही झालं, म्हणजे झालं नाही, तेही आज नको.

आणि इतक्या वर्षांनी नाव मिळालं तेही खलनायकाचं. तेही पाठीमागे. माझ्याच पेटीतली कॉमिक्स वाचून.

म्हणून रात्री पेटी खाली काढली. ऑक पहिल्यांदा आला तो १९६३ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या तिसऱ्या अंकात. शास्त्रज्ञ ओटो ऑक्टेवियस. घातक किरणांपासून लांब राहून काम करता यावं म्हणून त्याने चार यांत्रिक हात बनवले, आणि स्फोटात ते अंगालाच चिकटून बसले. एवढं तोंडपाठ होतं. पण एक गोष्ट आजवर डोळ्याखालून नुसतीच गेली होती. 'डॉक्टर ऑक्टोपस' हे त्याचं नाव स्फोटाच्या आधीचं आहे. बरोबर काम करणाऱ्यांनी ठेवलेलं. म्हणजे बिचारा अजून कुणाच्या वाटेला गेला नव्हता, मुकाट प्रयोग करत होता, आणि डबा खायच्या सुट्टीत त्याच्यावर बारसं उरकून झालं होतं. पुढे १९६५ च्या सुमाराला त्याने पडद्याआड राहून स्वतःला 'मास्टर प्लॅनर' म्हणवून घेतलं. कोण म्हणतंय आज त्याला मास्टर प्लॅनर? हे वाचून मला कॉलेजातलं ते आठवलं आणि मी पान उलटलं.

उलटलं नसतं तर बरं झालं असतं. पुढच्या पानावर स्टीव्ह डिटकोने काढलेला ऑक अख्खा उभा होता. सिनेमातला भारदस्त ऑक वेगळा. हा बुटका, गोल पोटाचा, कपाळावर वाटी उपडी ठेवून कापल्यासारखे केस, डोळ्यांवर जाड चष्मा. मी समजत होतो, पोरं माझ्या हातांतल्या ओझ्यावरून म्हणाली. उठून आरशात बघितलं. केस सोडले तर सगळा तोच, ओझ्याचा काही संबंध दिसेना. केस तरी कुठे राहिलेत म्हणा.

एवढा वेळ दिवा चालू बघून ही उठून आली. सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, तर गंभीरपणे विचारायला लागली, "त्याला बायको आहे का?" मग १९७४ मधली गोष्ट सांगावी लागली. ऑक स्पायडीच्या मे काकूशी लग्नाला उभा राहतो, कारण तिला वारशाने एक बेट मिळणार असतं, त्यावर अणुभट्टी असते, आणि हे त्या माऊलीला ठाऊकच नसतं. ही म्हणाली, "मग तुम्ही तो नव्हेच. माझ्या बाबांनी शिलाई मशीन तेवढं दिलं होतं." आणि झोपायला गेली.

ती गेल्यावर जरा हलकं वाटलं. नुसता आकारच बघायचा असता तर स्पायडीचाच शत्रू, गेंड्यासारखा राइनो जवळ होता, तो तर डोक्यानेही कमी. अण्णा समोरच होता. पोरांनी सगळ्यांतून निवडला तो शास्त्रज्ञ. शिवाय नुसतं 'ऑक' म्हणून भागलं असतं, पण 'डॉक' लावलं. विद्यापीठात जे जमलं नाही ते जिन्यात झालं, तेही शोधप्रबंध न लिहिता.

गाइड सरांना फोन करून कळवावं असं क्षणभर मनात आलं. पण नको. ते विषय कोणता म्हणून विचारतील.